नम्र विनंतीला किती मार्क?

मराठीत एखाद्याची बिनपाण्याने करायची असेल तर आपण सामान कुठून आणतो, बघितलंय कधी? थेट देवघरातून. "काय दिवे लावलेस परीक्षेत?" "मोठा उजेड पाडलास!" "साहेबांनी सगळ्यांसमोर माझी आरती ओवाळली." "मग काय, घरी गेल्यावर प्रसाद मिळाला." दिवे, उजेड, आरती, प्रसाद... सगळं कसं मंगल आणि पवित्र. शिवी एकही नाही. पण ज्याला हे ऐकून घ्यावं लागतं त्याची कानशिलं तापल्याशिवाय राहत नाहीत.

आणि उलट बाजूला? "मेल्या, होतास कुठे इतके दिवस?" हा शुद्ध प्रेमाचा उद्गार. "काल बेक्कार हसलो" म्हणजे संध्याकाळ मजेत गेली. "कसला डेंजर गायलाय!" ही दाद आहे. आणि पुण्यातल्या माणसाने नाटक बघून "वाईट नव्हतं" म्हटलं तर निर्मात्याने पेढे वाटायला हरकत नाही :)

आता अशी ही भाषा कॉम्प्युटरला द्यायची आणि विचारायचं, बाबा रे, लिहिणारा खूश आहे की नाराज? आमच्या धंद्यात याला सेंटिमेंट ॲनालिसिस म्हणतात. ग्राहकांचे ईमेल, ॲपखालचे अभिप्राय, चॅट, सगळं एका बाजूने आत टाकायचं, दुसऱ्या बाजूने प्रत्येकाला एक आकडा मिळतो. उणे एक म्हणजे भडकलेला, अधिक एक म्हणजे गदगदलेला. मग डॅशबोर्डवर हिरवे-लाल गोळे आणि मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना डुलतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे तंत्र मला आवडतं, त्यात डोकं लावायला मजा येते. पण या आकड्यावरून कुणाची तक्रार आधी बघायची ते ठरवू नये. मराठी माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही. मॉडेल चुकतं हे एक कारण झालं. मोठं कारण पुढे येतंच.

आधी थोडा इतिहास, कारण तो खरंच रंजक आहे.

सगळ्यात सोपी पद्धत शब्दांच्या याद्यांची. चांगल्या शब्दांची एक यादी, वाईट शब्दांची एक, मजकुरात कुठले जास्त ते मोजायचं. २००२ साली बो पँग, लिलियन ली आणि शिवकुमार वैद्यनाथन यांनी सिनेमाच्या परीक्षणांवर हे करून पाहिलं. ७०० चांगली परीक्षणं, ७०० वाईट. कॉम्प्युटर सायन्सच्या दोन विद्यार्थ्यांना सांगितलं, तुमच्या मनाने शब्दांच्या याद्या करा. एकाच्या यादीने ५८ टक्के परीक्षणं बरोबर ओळखली, दुसऱ्याच्या ६४ टक्के. छापा-काटा केला असता तरी ५० आले असते! मग आकडेवारी बघून तिसरी यादी केली, ती ६९ टक्क्यांपर्यंत गेली. त्या यादीत नकारात्मक खुणा म्हणून काय होतं माहितीये? प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह. हे कुणाला बसल्या जागी सुचणार? यंत्राला स्वतःलाच उदाहरणांवरून शिकू दिलं तेव्हा जवळजवळ ८३ टक्के आले. तेव्हापासून या क्षेत्राने मागे वळून पाहिलेलं नाही.

त्याच वर्षी पीटर टर्नी नावाच्या संशोधकाने वेगळीच युक्ती काढली. त्याने अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या सर्च इंजिनला विचारलं की अमुक शब्दजोडी 'एक्सलंट'च्या आसपास जास्त दिसते की 'पुअर'च्या? संगतीवरून माणूस ओळखतात, तसा संगतीवरून शब्द. ४१० अभिप्रायांवर सरासरी ७४ टक्के यश. गाड्यांच्या बाबतीत ८४, सिनेमाच्या बाबतीत मात्र ६६. सिनेमा अवघड, कारण व्हिलन जितका नीच तितका सिनेमा चांगला असू शकतो. टर्नीचंच उदाहरण: 'पुढे काय होईल सांगता येत नाही' हे कथानकाबद्दल म्हटलं तर कौतुक, गाडीच्या स्टिअरिंगबद्दल म्हटलं तर धोका.

म्हणजे शब्दाला स्वतःचा असा कायमचा भाव नसतो, तो कुठे बसलाय त्यावर सगळं. २०११ साली टिम लॉफरन आणि बिल मॅक्डॉनल्ड यांनी अमेरिकन कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर हार्वर्डची प्रसिद्ध शब्दयादी लावून बघितली. यादीने 'नकारात्मक' म्हणून मोजलेल्या शब्दांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश शब्द अर्थव्यवहारात नकारात्मक नव्हतेच. टॅक्स, कॉस्ट, लायबिलिटी, बोर्ड... आणि सगळ्यात कहर म्हणजे 'व्हाइस'. इंग्रजीत त्याचा अर्थ दुर्गुण. त्यामुळे जितके व्हाइस प्रेसिडेंट जास्त, तितकी कंपनी दुःखी. (काही ऑफिसांत हे खरं असेल, तो विषय वेगळा.)

हे झालं इंग्रजीचं, जिच्यावर सगळ्या जगाने पैसा आणि वेळ ओतला. आता आपल्याकडे या.

इंग्रजीत नकार आधी येतो. म्हणून २०१४ साली आलेल्या 'व्हेडर' या लोकप्रिय साधनात नियम असा आहे की भावदर्शक शब्दाच्या आधीचे तीन शब्द तपासायचे, तिथे नकार दिसला तर गुण उलटे करायचे. इंग्रजीसाठी चोख. मराठीत नकार येतो शेवटी. "आपली सेवा समाधानकारक वाटली नाही." 'समाधानकारक' बघून यंत्र खूश, मागे वळून बघतं तर नकार कुठेच नाही, दिले अधिक गुण. 'नाही' बिचारं पुढच्या बाजूला उभं राहून हात हलवतंय.

बरं, 'नाही' वेगळं लिहिलेलं असलं तर निदान सापडेल तरी. आपण तर नकार क्रियापदाच्या पोटात घालतो. "फोन कुणी उचलेना. पैसे मिळेनात. काय करावं सुचेना." या तीन वाक्यांत 'नाही' एकदाही नाही, एकही वाईट शब्द नाही, आणि तरी माणूस रडकुंडीला आलाय. जागा सोडली की शब्द संपला असं मानणाऱ्या प्रोग्रॅमला ही तीन निर्विकार वाक्यं वाटतात. याउलट "हरकत नाही", "त्रास नाही", "तक्रारीला जागा नाही" यांत वाईट शब्दही आहे, नकारही आहे, आणि माणूस मजेत आहे.

पत्राच्या शेवटी आपण लिहितो "लोभ असावा". लोभ म्हणजे षड्रिपूंपैकी एक, शब्दकोशावरून यादी केली असेल तर उणे गुण ठरलेले. आणि ज्या पत्रात समोरच्याची चार पानं खरडपट्टी काढून शेवटी "लोभ आहेच, तो वाढावा" लिहिलंय, त्याचं काय करायचं हे मलाही माहीत नाही.

रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. 'छान' पाच प्रकारांनी लिहिलं जातं. 'पण' हा शब्द रोमनमध्ये लिहिला की इंग्रजीतली कढई होते. हसू येतं, पण (हाच तो शब्द) भावना ओळखायच्या कामात 'पण'इतका महत्त्वाचा शब्द दुसरा नाही. "मॅनेजर चांगले आहेत, स्टाफ चांगला आहे, पण..." या वाक्यात जे काय आहे ते 'पण'च्या पुढे आहे. व्हेडरमध्ये इंग्रजी 'बट'साठी खास नियम आहे: आधीच्या भागाचं वजन निम्मं करा, नंतरच्या भागाचं दीडपट. आपला 'पण' मात्र कढईत पडला.

मराठीसाठी कुणी काहीच केलं नाही असं मुळीच नाही. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१२ साली हिंदी आणि मराठी शब्दजाळी, म्हणजे वर्डनेट, एकमेकांना जोडून एका भाषेच्या उदाहरणांवरून दुसरीतला भाव ओळखायचा प्रयोग केला. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट्सना माणसांकडून सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशी लेबलं लावून घेतली आणि तो संच सगळ्यांसाठी खुला केला. २०२३ मध्ये त्याचाच मोठा भाऊ आला, सुमारे ६० हजार नमुन्यांचा. त्यात सिनेमाची परीक्षणं आहेत, टीव्ही मालिकांतले संवादही आहेत. हे सगळं मोलाचं काम आहे.

पण बघा, ट्विट्स, परीक्षणं, संवाद. पहिल्या संचातली ट्विट्स महाराष्ट्रातल्या प्रसिद्ध व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली. अशा खात्यांवर काय असतं ते आपण रोज बघतो: शुभेच्छा, विनम्र अभिवादन, हार्दिक अभिनंदन. यावर शिकलेल्या मॉडेलने 'विनम्र' हा शब्द आनंदाच्या खात्यात टाकला तर त्याला दोष कसा देणार? तहसीलदाराला किंवा बँक मॅनेजरला लिहिलेला अर्ज त्याने कधी पाहिलेलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आताची मोठी भाषा-मॉडेल्स 'दिवे लावले' बरोबर ओळखतात. मान्य. बऱ्याचदा ओळखतात, मागचापुढचा संदर्भ दिला तर टोमणाही पकडतात. 'उचलेना', 'मिळेना' त्यांना अडत नाही. समजा उद्या असं मॉडेल आलं जे मराठी वाचण्यात एकदाही चुकत नाही. मग तर हरकत नाही ना?

माझी हरकत तिथेच सुरू होते.

दोन पत्रं बघा. दोन्ही नमुन्यादाखल मीच रचलेली आहेत, पण अशी पत्रं तुम्ही वाचली असतीलच. दोन्ही एकाच बँकेला आली असं धरू.

पहिलं: "मा. व्यवस्थापक साहेब, सविनय नमस्कार. माझे निवृत्तिवेतन गेले चार महिने खात्यात जमा झालेले नाही. यापूर्वी दोन वेळा अर्ज केला असता आपल्या कर्मचाऱ्यांनी आपुलकीने चौकशी केली, त्याबद्दल आभारी आहे. औषधांचा खर्च असल्याने थोडी ओढाताण होते. आपण कामात व्यग्र असाल, तरी सवडीने लक्ष घालावे ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व. आपला विश्वासू."

दुसरं: "काय थर्ड क्लास ॲप आहे राव!!! पन्नास रुपये कॅशबॅक आला नाही. नुसता वैताग. फालतू सर्व्हिस, बंद करा दुकान!!!"

यंत्र काय सांगेल? पहिलं पत्र सौम्य, कृतज्ञ, जमलंच तर किंचित सकारात्मक. दुसरं कमालीचं नकारात्मक. आणि गंमत अशी की यंत्राचं बरोबर आहे! तुम्ही-मी वाचलं तरी पहिल्या पत्राचा सूर नम्र आणि दुसऱ्याचा भडकलेलाच म्हणू. उत्तर बरोबर आहे, प्रश्नच चुकीचा विचारलाय. सूर मोजला आणि समजलो की दुखणं मोजलं.

ज्या सिस्टीममध्ये 'जास्त नकारात्मक ते आधी' असा नियम असतो, तिथे पन्नास रुपयेवाल्याला दहा मिनिटांत फोन जातो आणि चार महिने पेन्शन न मिळालेले आजोबा रांगेच्या शेपटाला जातात. त्यांनी 'सवडीने' लिहिलंय ना, मग सवडीनेच. असे नियम लिहिलेली डिझाइन डॉक्युमेंट्स मी वाचली आहेत. कुणी दुष्टपणे लिहीत नाही. रोज हजारो तक्रारी येतात, माणसं कमी असतात, रांग कशावरून तरी लावावीच लागते, आणि हा आकडा आयता मिळतो.

नम्र कोण लिहितं याचा जरा विचार करा. ज्यांना शाळेत पत्रलेखनाचा नमुना पाठ करायला लावला होता ते. ज्यांचं काम साहेबाच्या मर्जीवर अडलेलं असतं ते. ज्यांच्याकडे दुसरी बँक, ओळखीचा वकील, सोशल मीडियावर चार हजार फॉलोअर्स यांतलं काहीच नाही ते. आवाज चढवायला पाठीशी काहीतरी असावं लागतं. आपल्यासारखे लोक कस्टमर केअरवर बिनधास्त भडकतात, कारण आपलं फारसं काही अडत नाही. म्हणजे सुरावरून लावलेली रांग ही बऱ्याच वेळा ऐपतीवरून लावलेली रांग असते.

इंग्रजीतही आकड्याच्या निःपक्षपातीपणाची खात्री देता येत नाही. स्वेत्लाना किरिचेंको आणि सैफ मोहम्मद यांनी २०१८ साली २१९ सिस्टीम्स तपासल्या. वाक्य तेच, फक्त माणसाचं नाव किंवा स्त्री-पुरुष बदलायचं. तीन चतुर्थांशाहून जास्त सिस्टीम्सचे गुण तेवढ्याने हलले. फरक लहान होते. पण रांगेत लहान फरकानेच पुढचा-मागचा ठरतो.

मग डॅशबोर्ड फेकून द्यायचा का? नाही. या आकड्याचं एक काम चांगलं आहे: त्याच गटाची कालच्याशी तुलना. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात मराठी अभिप्राय अचानक बिघडले, तर नवीन व्हर्जनमध्ये काहीतरी घोळ आहे हे कळतं. चुका दोन्ही आठवड्यांत साधारण सारख्याच असतात, त्यामुळे बदल दिसतो. पण 'मराठी ग्राहक इंग्रजी ग्राहकांपेक्षा जास्त समाधानी आहेत' अशी स्लाइड कुणी दाखवली, तर हात वर करून विचारा की समाधानी आहेत, की फक्त 'कृपया' जास्त लिहितात?

आणि रांग लावायची तर ती मजकुरातल्या तथ्यांवर लावा. किती रुपये अडकलेत? किती दिवस? ही कितवी वेळ? औषध, हॉस्पिटल, फी, पेन्शन यांपैकी कशाचा उल्लेख आहे का? हे काम भावना ओळखण्यापेक्षा सोपं आहे आणि हीच मॉडेल्स ते करू शकतात. वरच्या पहिल्या पत्रात 'चार महिने', 'दोन वेळा', 'औषधांचा खर्च' हे तीन शब्दप्रयोग सापडले की ते पत्र आपोआप वर येतं, सूर कितीही गोड असो. सुराचा आकडा फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याला द्या, समोरचा भडकलाय एवढं त्याला आधी कळलं तर बरंच. पण त्याच आकड्यावर त्या कर्मचाऱ्याचं अप्रेझल करू नका. कर्जवसुलीच्या टेबलावर बसलेल्याला दिवसभर प्रेमाने कोण बोलणार?

युरोपने २०२४ साली एआयचा कायदा केला आणि फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत माणसाच्या भावना ताडणाऱ्या सिस्टीम्सवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी घातली. पण ती बंदी चेहरा, आवाज असल्या शारीरिक खुणांवरून भावना ताडण्यावर आहे. लिहिलेला मजकूर तिच्या बाहेर राहतो. तेव्हा कायदा येऊन आपलं काम करील अशी वाट बघण्यात अर्थ नाही. हे नियम कोडमध्ये लिहिणारे आपणच आहोत, आणि कॉन्फिग फाइलमधली ती एक ओळ बदलायला संसदेची परवानगी लागत नाही.

तुमच्या कंपनीत असं काही चालत असेल तर सोमवारी एक करा. यंत्राने लावलेल्या रांगेतली अगदी शेवटची पन्नास मराठी पत्रं काढा. मराठी नीट वाचता येणाऱ्या दोघांना ती वाचायला द्या, एकमेकांशी न बोलता. कुठलं पत्र आज, आत्ता बघायला हवं होतं यावर खूण करायला सांगा. चहाच्या दोन कपांत होणारं काम आहे. खुणा किती येतील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण एक जरी आली, तरी त्या पत्रावरची तारीख बघा आणि तेव्हापासून किती दिवस झाले ते मोजा. डॅशबोर्डवर लावायचा आकडा तो आहे.